विश्लेषण : ‘कियारी’ शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी हाताला चटका का जाणवत नाही?

डोक्यामागची कळ थांबली, टाके निघाले, रुग्ण कामावर रुजू झाला. काही वर्षांनी गरम तव्याला बोट टेकतं, फोड येतो, पण भाजल्याचं कळतच नाही. साधा स्पर्श मात्र समजतो. ‘कियारी मालफॉर्मेशन’ची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे लक्षण अशक्तपणावर ढकलू नये.

कियारी म्हणजे काय?

लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरतो. हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं. मोठ्यांमध्ये दिसणाऱ्या टाइप १ मध्ये हा भाग साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त खाली आलेला असतो. शस्त्रक्रियेत कवटीच्या मागचं थोडं हाड, बहुतेकदा पहिल्या मणक्याची मागची कमानही काढून जागा करतात.

मग त्रास परत का होतो?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव हृदयाच्या ठोक्यासरशी खाली-वर होतो. वाट अडली की मज्जारज्जूच्या आत द्रवाची पोकळी तयार होऊ शकते. तिला सिरिंक्स म्हणतात. वाट मोकळी झाल्यावर बहुतेकांची पोकळी आक्रसते, पण त्याला महिने लागतात. काहींमध्ये आतली जखम भरताना पातळ आवरणं एकमेकांना चिकटतात. पाइप साफ केला, पण जोडापाशी पुन्हा गाळ बसला, असंच काहीसं.

चटकाच का हरवतो?

वेदना आणि तापमानाचे तंतू मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूकडून दुसरीकडे जातात. पोकळी आधी त्यांनाच दाबते. स्पर्शाचे बरेच तंतू मागच्या बाजूने जातात, म्हणून ते वाचतात.

पोकळी आक्रसली तरी जुना बधिरपणा कायम राहू शकतो. त्यामुळे प्रश्न एवढाच : लक्षण जुनंच आहे, की नवं, वाढणारं? नवं असेल तर न्यूरोसर्जनकडून एमआरआय करून घ्यावा. पोकळी छातीपर्यंत उतरू शकते, म्हणून अनेकदा फक्त मानेचा पुरत नाही. ‘स्पॉन्डिलायटिस असेल’ म्हणून मान मोडून घेणं तर अजिबात नको. पाय लटपटणं, गिळताना ठसका लागणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

जाताना शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या एमआरआयच्या सीडी, फिल्म सोबत न्याव्यात. पोकळी वाढली की नाही, हे जुन्या चित्राशेजारी नवं ठेवल्यावरच ठरतं.