शहाऐंशी झिरो बत्तीस आणि विंडोज अकरा

कराडजवळ टेंभूला उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडीत पोचलं आणि डाळिंबाच्या या मुलखात उसाच्या गप्पा वाढल्या. बांधावर कुणी ‘जात कोणती लावली?’ विचारलं की उत्तर आकड्यात येतं. "शहाऐंशी झिरो बत्तीस." को ८६०३२ मधला ‘को’ म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल आणि ०३२ हा अनुक्रमांक. पाडेगावच्या संशोधन केंद्रानं तिला ‘नीरा’ असं गोड नाव दिलं होतं, पण तोंडात राहिला तो आकडाच.

हे ज्याला कळतं त्याला उबंटू ही संगणकप्रणालीही कळते. पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. २००६ ची एप्रिलमध्ये यायची होती, ती ६.०४ झाली असती. काम सहा आठवडे लांबलं, तर सरळ ६.०६ म्हणून जूनमध्ये आली. उशीर थेट नावात! आपल्याकडच्या कोनशिलांना हे जमेल का?

उबंटूच्या गाभ्यातल्या लिनक्सचा हिशेब मात्र मनाचा. २.६ ही मालिका डिसेंबर २००३ पासून चालली होती. २०११ मध्ये २.६.३९ झाल्यावर लिनक्सचा कर्ता लिनस टोर्वाल्ड्सनं पुढच्या आवृत्तीला ३.० म्हटलं. आत क्रांती वगैरे काही नव्हती. शेपूट लांबलं, एवढंच. पुढेही ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०. हातापायांची बोटं मोजून संपली की पुढचा आकडा, असं तो गमतीनं सांगतो.

खरी मजा विंडोजची. परवा चुलत्यांसमोर, म्हणजे तात्यांसमोर, लॅपटॉप उघडला. डब्यावर विंडोज ११. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आवृत्ती विचारणारा ‘व्हर’ टाइप केला, तर उत्तर आलं १०.० आणि पुढे लांबलचक आकडे. विंडोज ७ सुद्धा आतून ६.१ च होतं. कारण जुने प्रोग्रॅम सुरू होताना पहिला आकडा तपासतात. तो अनोळखी दिसला की काहीजण चालायलाच नकार देतात. म्हणून पाटी बदलायची, आतल्या पहिल्या आकड्याला शक्यतो हात लावायचा नाही.

तात्यांनी चष्मा वर केला. "म्हंजे नाव नवं, बेणं जुनंच की रं."

"बेणं बदललंय, तात्या. सातबारा तेवढा जुन्या नावावर ठेवलाय."