भुईमुगाची वाळवण आणि न्हावा-शेव्याची तपासणी

उरण तालुक्यात द्रोणागिरी डोंगराच्या आसपास जेथे एके काळी भातखाचरे व मिठागरे होती, तेथे आज कंटेनरांच्या थप्प्या उभ्या आहेत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर चालू झाले, आणि देशावरचा शेतमाल परदेशी जाण्याचा तो एक मोठा दरवाजा बनला. भुईमुगाचे दाणेही या वाटेने जातात. येथे माल नापास झाला म्हणजे दाण्यांच्या किमतीबरोबर भाडे, फोडाई, निवडाई सारेच अंगावर येते. व्यापारी हा तोटा पुढील खरेदीच्या दरातून भरून काढतो, हे आमच्या सभासदांस सांगावयास नको.

नापासीचे मुख्य कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीपासून होणारे विष होय. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतून त्याचा माग लागला. युरोपीय संघ थेट खाण्याच्या दाण्यांत अब्जात चार भागांहून अधिक विष चालू देत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात इंडोनेशियाने याच कारणावरून भारतीय भुईमुगाची आयात स्थगित केली होती.

प्रयोगशाळा विष दाखविते, घालवीत नाही. काढणीपूर्वी पाण्याचा ताण पडला किंवा किडीने शेंग पोखरली, तर बुरशीस वाट मिळतेच. परंतु काढणीनंतरचे पुष्कळ काही आपल्या हाती असते. उपटलेले वेल शेंगा वर करून वाळवावेत. ओल्या शेंगांच्या ढिगावर ताडपत्री ओढणे म्हणजे बुरशीस घर बांधून देणे. दाणा शेंगेत खुळखुळू लागला, ओल शेकडा आठवर आली, की मगच पोती भरावीत.

याहून निंद्य चाल फोडाईच्या वेळची. दाणा फुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडतात! उन्हाने चार दिवसांत घालविलेली ओल घटकेत परत येते. पुढे कंटेनर दिवसा तापतो, रात्री निवतो, आणि छतावर साचलेले दंव पोत्यांवर ठिबकते.

असा माल घाण्यास चालतो, ही समजूतही घातक आहे. हे विष साध्या उष्णतेने नाहीसे होत नाही. गाळपात त्याचा मोठा भाग पेंडीत उतरतो, व ती पेंड खाणाऱ्या गाईम्हशीच्या दुधात त्याचा अंश येतो. तेलात राहिलेला अंश शुद्धीकरणात क्षाराने निघतो. लाकडी घाण्याच्या कच्च्या तेलास ती सोय नाही. तेव्हा घाणेवाल्याने बुरसटलेले, सुरकुतलेले दाणे आधीच वेचून काढणे जरूर आहे.

पण शेतकऱ्याने अधिक वाळवावे तरी का? शंभर किलो शेंगांची ओल शेकडा बारावरून आठवर आणली, तर वजन सुमारे साडेचार किलोंनी घटते. भाव तोच राहिला, तर मेहनत करणाराच नाडला जातो. म्हणून सोसायटीने आपल्या गोदामावर प्रत्येकाच्या मालाची ओल यंत्राने मोजून, शेकडा आठ ओलीच्या हिशेबाने वजन धरावे, अशी आमची सूचना आहे. येत्या काढणीपूर्वी व्यवस्थापक मंडळाने ती विचारात घ्यावी.