एडीएचडीमधील उत्तेजक औषधांची मात्रानिश्चिती

मात्रानिश्चिती म्हणजे औषधाची सुरुवात अल्प प्रमाणात करून, परिणाम व दुष्परिणाम यांची नोंद ठेवत, रुग्णासाठी योग्य असे प्रमाण टप्प्याटप्प्याने ठरवण्याची पद्धत होय. अवधान न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, यावरील उपचारात मिथाइलफेनिडेट व अ‍ॅम्फेटामिन गटातील उत्तेजक औषधे वापरली जातात. त्यांच्या बाबतीत ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरते. तापावरील पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावरून काढता येते. उत्तेजक औषधाची योग्य मात्रा मात्र वय, वजन किंवा विकाराची तीव्रता यांवरून आधी सांगता येत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामिन गटातील औषध देऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध देण्यापूर्वी, औषध चालू असताना व ते थांबवल्यानंतर मुलांचे निरीक्षण करण्यात आले. सुमारे निम्म्या मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली. मिथाइलफेनिडेटची निर्मिती १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी केली. पुढे ते रिटालिन या नावाने बाजारात आले.

मात्रा व्यक्तीनुसार का बदलते

ही औषधे मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांचा प्रभाव वाढवतात. अवधान व आत्मनियंत्रण यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग या रसायनांच्या मध्यम पातळीवर उत्तम काम करतो. पातळी फार कमी किंवा फार जास्त झाल्यास त्याचे कार्य बिघडते. त्यामुळे मात्रा वाढवत नेल्यास लाभही त्याच प्रमाणात वाढत जातो, असे नाही. शिवाय शरीरात औषधाचे विघटन होण्याचा वेग प्रत्येकात वेगळा असतो. परिणामी एकाच वर्गातील, सारख्या वजनाच्या दोन मुलांना अगदी भिन्न मात्रा लागू पडू शकतात.

सर्वसाधारण पद्धत

औषध सुरू करण्यापूर्वी उंची, वजन, नाडी व रक्तदाब मोजतात आणि रुग्णाच्या व कुटुंबाच्या हृदयविकारविषयक इतिहासाची चौकशी करतात. लहान मुलांना अल्पकाळ टिकणारे मिथाइलफेनिडेट बहुधा ५ मिलिग्रॅम, दिवसातून एक किंवा दोन वेळा, असे सुरू करतात. मात्रा साधारणतः आठवड्याच्या अंतराने ५ ते १० मिलिग्रॅमने वाढवतात. दिवसाची रूढ कमाल मर्यादा ६० मिलिग्रॅम आहे. या प्रकारचा परिणाम ३ ते ४ तास टिकतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या काही प्रकारांचा १२ तासांपर्यंत राहतो. म्हणून मात्रेइतकाच वेळेचाही विचार करावा लागतो. सकाळी उत्तम लक्ष देणारे मूल दुपारच्या तासिकांना अस्वस्थ होत असेल, तर मात्रा अपुरी नसून तिचा परिणाम ओसरलेला असण्याची शक्यता असते.

लक्षणे पुरेशी आटोक्यात आली आणि दुष्परिणाम सुसह्य असले, की वाढ थांबवतात. पुढच्या टप्प्यावर अधिक लाभ न दिसता त्रास वाढल्यास आधीच्या मात्रेवर परत येतात.

पालक व शिक्षकांच्या नोंदी

औषधाचा परिणाम मुख्यतः शाळेच्या वेळेत होत असल्याने शिक्षकांची निरीक्षणे डॉक्टरांना आवश्यक असतात. त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या वापरतात. केवळ ‘मूल शांत झाले’ ही नोंद पुरेशी नसते. स्प्रेग व स्लीटर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शरीराच्या प्रतिकिलो ०.३ मिलिग्रॅम मात्रेवर मुलांची स्मरणकार्यातील कामगिरी सर्वोत्तम होती. प्रतिकिलो १ मिलिग्रॅम मात्रेवर शिक्षकांना वर्तन अधिक सुधारलेले दिसले, पण स्मरणकार्यातील लाभ घटला. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा फरक इतका स्पष्ट आढळला नाही. तरीही शांतपणा व शिकणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात, हा त्याचा बोध आहे. वही पूर्ण होणे, सूचना लक्षात राहणे, खेळात मिसळणे अशा ठोस बाबींची नोंद म्हणूनच अधिक उपयुक्त ठरते.

एमटीए अभ्यास

अमेरिका व कॅनडात ७ ते ९ वर्षे वयाच्या ५७९ मुलांवर झालेल्या एमटीए या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषधोपचाराच्या गटांतील मुलांची मात्रा २८ दिवसांच्या चाचणीतून ठरवण्यात आली. कोणत्या दिवशी कोणती मात्रा किंवा निष्क्रिय गोळी दिली, हे पालकांना व शिक्षकांना माहीत नसे. अशी काळजीपूर्वक ठरवलेली मात्रा व दरमहा देखरेख मिळालेल्या मुलांत, नेहमीच्या डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारणा झाली. या दुसऱ्या गटातील बहुसंख्य मुलांनाही औषध मिळत होते; परंतु त्यांची मात्रा कमी होती व तपासणी क्वचित होत असे. सुरुवातीला निश्चित केलेली मात्राही पुढील वर्षभरात बहुतेक मुलांच्या बाबतीत बदलावी लागली.

मात्रा चुकल्याची लक्षणे

मात्रा अपुरी असल्यास लाभ अंधुक राहतो व ‘औषध लागू पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून उपचार सोडले जातात. मात्रा जास्त झाल्यास मूल निस्तेज, अबोल व भावनाशून्य वाटू लागते किंवा उलट चिडचिडे व अस्वस्थ होते. हा औषधाचा अटळ परिणाम किंवा मुलाचा बदललेला स्वभाव नव्हे. अनेकदा मात्रा कमी केल्यास तो दूर होतो. संध्याकाळी औषध उतरताना होणारी चिडचिड याहून निराळी असते.

दुष्परिणाम व देखरेख

भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोटदुखी व डोकेदुखी हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम आहेत. नाडी व रक्तदाबात किंचित वाढ होते आणि काही मुलांची वाढ थोडी मंदावते. ब्रिटनमधील नाइस संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उंची दर ६ महिन्यांनी, तर नाडी व रक्तदाब प्रत्येक मात्राबदलानंतर आणि दर ६ महिन्यांनी मोजावा. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा भास होणे यांपैकी काही आढळल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. मात्रेत स्वतःहून बदल करणे धोक्याचे ठरू शकते.

भारतातील स्थिती

मिथाइलफेनिडेट हे १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियमाच्या कक्षेत येते व डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. अ‍ॅम्फेटामिन गटातील औषधे भारतात या विकारासाठी सहसा उपलब्ध नसतात. परदेशात ती घेणारे मूल कुटुंबासह परतल्यास औषध बदलावे लागते. दोन्ही गटांतील मिलिग्रॅम समतुल्य नसल्याने जुनी मात्रा तशीच लागू करता येत नाही. मात्रानिश्चिती नव्याने करावी लागते.