मनाची तंदुरुस्ती : भावनेला नेमके नाव देण्याची सवय

शरीर सुदृढ राहावे म्हणून चालणे, व्यायाम आणि आहार यांकडे आपण लक्ष देतो. मनाची आठवण मात्र बहुधा ते कोलमडल्यावरच होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. तज्ज्ञांची कमतरता आणि लोकलज्जा ही त्याची प्रमुख कारणे होत. आपल्याला नेमके काय होत आहे हेच न उमगणे, हे आणखी एक कारण आहे.

परीक्षेची धास्ती असो, वरिष्ठांनी केलेला अपमान असो वा आप्ताच्या आजारपणाची काळजी असो, या सर्वांसाठी आपण 'टेन्शन' हा एकच शब्द वापरतो. वास्तविक मराठीत हुरहुर, उद्वेग, खिन्नता, चिडचिड, मत्सर, अपराधीपणा असे कितीतरी नेमके शब्द आहेत. प्रत्येक भावनेवरील उपाय वेगळा असतो. धास्तीला तयारीचा आधार लागतो, अपराधीपणाला क्षमायाचनेचा, तर एकटेपणाला सोबतीचा. म्हणूनच नेमका शब्द शोधणे ही आत्मभानाची पहिली पायरी ठरते.

या सवयीला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना राग, भय इत्यादी भाव असलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली. त्या भावनेसाठी योग्य शब्द निवडताना मेंदूतील 'अमिग्डाला' या भागाची प्रतिक्रिया मंदावल्याचे दिसले. धोक्याची चाहूल लागताच हा भाग सक्रिय होत असतो.

दैनंदिन जीवनात पुढील तीन सवयी सहज अंगी बाणवता येतात.

पहिली सवय क्षणभर थांबण्याची. दिवसातून दोनदा, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणापूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी, स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : शरीरात काय जाणवते आहे? ही भावना कोणती? ती कशानंतर सुरू झाली? आवळलेला जबडा, छातीतील धडधड किंवा पोटात उठणारा गोळा या खुणा अनेकदा विचारांच्याही आधी मनाची अवस्था सांगतात.

दुसरी सवय घटना आणि तिचा आपण लावलेला अर्थ वेगळे करण्याची. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा गाभा आहे. परगावी शिकणाऱ्या मुलाने दूरध्वनी उचलला नाही, ही घटना. 'काहीतरी विपरीत घडले असेल' किंवा 'त्याला आमची किंमतच नाही' हे आपण लावलेले अर्थ. पहिल्यातून भय निर्माण होते, दुसऱ्यातून संताप. 'तो वर्गात असेल' ही शक्यता विचारात घेतली, तर दोन्हींची धार कमी होते.

तिसरी सवय लेखनाची. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनावर आघात करणाऱ्या अनुभवांविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील काही महिन्यांत आरोग्य केंद्रात जाण्याची गरज इतरांपेक्षा कमी भासली. मात्र लिहिल्यानंतर लगेच काही काळ मन जड होऊ शकते. त्रास वाढतच असेल, तर लेखन थांबवावे.

आत्मभान म्हणजे तेच ते दुःख उगाळत बसणे नव्हे. भावना ओळखल्यानंतर 'आता मी काय करू शकतो?' हा प्रश्न यायला हवा. अन्यथा आत्मपरीक्षणाचेच ओझे होते.

या सवयी उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. उदासी किंवा निरुत्साह दोन आठवड्यांहून अधिक टिकला, झोप व भूक बिघडली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जीवन संपवण्याचे विचार येत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता मदत मागावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. आपल्या मनाची अवस्था नेमक्या शब्दांत सांगता आली, तर समोरच्या समुपदेशकालाही योग्य मदत करणे सोपे जाते.