उत्तर देणारी नायिका

जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ सालीं प्रसिद्ध झाली. तिची नायिका एलिझाबेथ बेनेट ही डार्सीविषयीं पूर्वग्रह करून घेते व गोडबोल्या विकहॅमवर विश्वास टाकते. वाचकहि तिच्याबरोबर फसतो. पुढें डार्सीचें पत्र येतें, तेव्हां दोघांचेहि डोळे एकदम उघडतात. कादंबरीची गोडी या बरोबरीच्या फसण्यांत आहे.

२०१२ सालीं अमेरिकेंत हँक ग्रीन व बर्नी सू यांनीं हीच कथा यूट्यूबवर 'द लिझी बेनेट डायरीज' या नांवानें आणली. येथली लिझी पदव्युत्तर अभ्यास करणारी तरुणी असून कॅमेऱ्यासमोर बसून आपली रोजनिशी सांगते. शंभर भागांची ही मालिका सुमारें वर्षभर चालली. पात्रांचीं तेव्हांच्या ट्विटरवर खातीं होतीं. प्रेक्षकानें लिहावें व पात्रानें उत्तर द्यावें, अशी योजना होती. २०१३ सालीं मालिकेस एमी पारितोषिक मिळालें.

काळाचा फरक कर्त्यांनीं चांगला ओळखला. मूळ कथेंत कॉलिन्स एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतो. येथें तो नोकरी देऊं करतो. लिझी ती नाकारते, तिची मैत्रीण शार्लट स्वीकारते.

अडचण येते ती धाकट्या लिडियापाशीं. कादंबरींत ती विकहॅमबरोबर पळून जाते. येथें तो तिची खाजगी चित्रफीत विकावयास काढतो. लिडियाची स्वतंत्र चित्रमालिकाहि होती. तीमुळें कादंबरींत केवळ उथळ वाटणाऱ्या या मुलीचें दुःख प्रेक्षकास जवळून दिसलें, हा मोठाच लाभ. पण ती पाहणाऱ्यास धोका आधीं कळला आणि लिझी मागें राहिली; बरोबरीनें फसणें संपलें. शिवाय लिडियाला सावध करण्यास कितीहि जणांनीं लिहिलें, तरी कथेची वाट दोनशें वर्षांपूर्वींच ठरलेली! पाहुण्यास घरांत बोलावून त्याचें बोलणें कानावर घेऊं नये, तसें हें झालें.

बरें, प्रेक्षकाचें ऐकून लिडिया वांचली असती, तर? मग डार्सीनें गुपचूप केलेल्या साहाय्यास प्रसंगच उरला नसता. आणि त्या साहाय्यावांचून त्याच्या थोरपणाची एलिझाबेथला पुरती ओळख पटती ना. नायिकेची चूक टाळली कीं कादंबरीहि टळते.

म्हणून जुनी प्रेमकथा या नव्या रीतीनें सांगणारानें वाचकास बोलूं द्यावें, प्रश्न विचारूं द्यावे. मात्र नायिकेच्या आधीं त्याला शहाणा करूं नये.