निरभ्र रात्रीचा हिशेब

एप्रिल-मे उजाडला की आपल्याकडची ट्रेकर मंडळी मनाली गाठतात. कडाक्याची थंडी सरली, आता हिमस्खलनाची भीती कसली, असे मलाही वाटे. मार्च १९७९ मध्ये लाहौलमध्ये झालेला हाहाकार वाचून माहीत होता. पण तो ताज्या, प्रचंड बर्फवृष्टीचा.

एका एप्रिलमध्ये ब्यास कुंडाच्या वाटेवर आमच्या वाटाड्याने पहाटे तीनला बुटाची टाच बर्फात रोवली. ती घोट्यापर्यंत रुतली. "आज नहीं जाएंगे," म्हणत तो परत झोपला. आभाळ भरलेले होते आणि मी थंडीने कुडकुडत होतो. रागच आला. मी वाणिज्य शाखेचा. या रागाचे उत्तर पुस्तकांतून शोधायला पुढे काही वर्षे गेली.

ताजा बर्फ ऊन ८० टक्क्यांहून अधिक परतवतो. जुना, ओला, मळका बर्फ बरेच ऊन पिऊन घेतो आणि वितळतो. पाणी थोडे असले तर कण उलट एकमेकांना धरतात. मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याची माती आठवा: कोरडी सुटते, ओलसर बसते, पाणी जास्त झाले की बुरूज खाली येतो. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता थेट आकाशात सोडतो, म्हणून हवा शून्याच्या थोडी वर असतानाही त्याचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढग मात्र गोधडीसारखे; सुटलेली उष्णता ते बऱ्याच अंशी परत पाठवतात. बर्फ ओलाच राहतो. आपल्याला वाजणारी थंडी इथे फसवी.

हेच पाणी खाली झिरपून हिवाळ्यात तयार झालेल्या, दाणेदार साखरेसारख्या सुट्या थरापर्यंत पोहोचले, की साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार सुटू शकतो. ओले हिमस्खलन कोरड्यापेक्षा संथ, पण अतिशय जड. थांबताच असे घट्ट बसते की हातांनी उकरता येत नाही.

मनालीत १९६९ मध्ये संरक्षण खात्याची हिम-अभ्यास संस्था सुरू झाली. हिमस्खलनाचे सरकारी इशारे जरूर पाहावेत. पण ते मोठ्या प्रदेशासाठी असतात. समोरच्या उताराचा निर्णय तिथे उभ्या माणसालाच घ्यावा लागतो, आणि तोही तासातासाला. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, दक्षिणेकडचे मागून, पश्चिमेकडचे दुपारी.

दुसऱ्या रात्री चांदण्या लखलखत होत्या. पहाटे टाच रुतली नाही. आम्ही चढलो, साडेनऊला तळावर परतलो. बाराच्या सुमारास समोरच्या उतारावरून बराच वेळ घरघर ऐकू आली. वाटाड्या भांडी घासत होता. त्याने मान वर केली नाही.