लायन नाही, लीन! कर्जाच्या कागदावरचे शब्द सही करण्याआधी समजून घ्या

बँकेच्या कागदांवरचे काही शब्द आपण 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देतो आणि खाली सही ठोकतो. आज त्यातले तीन-चार नीट बघू. उच्चारासकट, कारण शब्द तोंडात बसला की साहेबांना बिनधास्त विचारता येतं.

पहिला शब्द 'लीन'. स्पेलिंग एल-आय-ई-एन, म्हणून बरेच जण 'लायन' वाचतात. सिंहाचा इथे काही संबंध नाही! 'लीन' किंवा 'ली-अन' म्हणा, दोन्ही चालतं. अर्थ असा की पैसे तुमचेच, पण हात लावता येत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, साधारण तसंच. समजा खात्यात ५०,००० दिसतायत, पण ३०,००० वर लीन आहे. वापरायला उरले २०,०००. तुम्ही व्यापाऱ्याला २५,००० चा चेक दिलात, तर तो परत जाऊ शकतो. मग दंड तर लागतोच, पण बाजारातली पत जाते ते वेगळंच. एफडीवर कर्ज घेतलं की एफडीवर लीन लागतो. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा गिऱ्हाइकाकडून फिरत तुमच्या खात्यात आला, तरीही लागू शकतो. म्हणून नुसता बॅलन्स बघू नका, 'अव्हेलेबल बॅलन्स' बघा.

दुसरा, 'हायपॉथिकेशन'. जोर 'के' वर द्या. सहकारी बँकेत याला नजरगहाण म्हणतात, आणि मला विचाराल तर हा शब्द इंग्रजीपेक्षा भारी आहे. वस्तू तुमच्या ताब्यात, नजर बँकेची. कर्जावर घेतलेल्या टेम्पोच्या आरसी बुकवर हीच नोंद असते. सोनं मात्र बँकेच्या तिजोरीत जातं, तो झाला 'प्लेज'. आणि घर-जमीन गहाण ठेवली तर 'मॉर्गेज'. यातला 'टी' गिळायचा, 'मॉर्टगेज' नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'कलॅटरल-फ्री' कर्ज, म्हणजे घर, जमीन असं वेगळं तारण द्यावं लागत नाही. पण त्याच कर्जातून घेतलेली मशीन सहसा नजरगहाण असतेच. बँकेला न विचारता ती विकाल तर गोत्यात याल.

'मॉरटोरियम' म्हणजे हप्त्याला सुट्टी. व्याजाला सुट्टी नाही! ५ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज आणि सहा महिने हप्ता नाही, तरी साधारण ३०,००० व्याज चढतंच. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, तेव्हाही व्याज चालूच होतं.

'गॅरंटर' तर सगळ्यांना माहीत आहे, जामीनदार. फक्त मेव्हण्याला सही करायला बोलवाल तेव्हा त्याला एक सांगा. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच असते. तुमचे हप्ते थकले तर बँक थेट त्याच्याकडेही मागू शकते.